पेठच्या गाडीचा फलाट

रोशनी भोयेचा हात किती हलका आहे, हे पंचवटीतल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. सकाळी उजाडता उजाडता स्कूटी काढायची, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि ते लॅबमध्ये पोचवायचे. ज्यांची शीर सापडत नाही, जे सुई बघूनच डोळे मिटतात, जे मागच्या वेळच्या टोचाटोचीवरून भांडायच्या तयारीत बसलेले असतात, असे पेशंट हमखास तिच्या वाट्याला यायचे. कोपराच्या खळग्यात ती बोटानं चाचपायची आणि शीर लागली की मग थांबायची नाही. "झालं, काका," असं ती म्हणायची तेव्हा काका अजून "हळू हां" म्हणत असायचे.

एका रविवारी सराफ बाजारातल्या एका आजींचं रक्त घेऊन ती खाली उतरली, तर सरकारवाड्यासमोर बंद दुकानांच्या पायऱ्यांवर काही माणसं बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर वही. सगळे एकदा वर बघत होते, एकदा खाली. कुणी बोलत नव्हतं. रोशनीनं स्कूटी बाजूला लावली आणि टोपी घातलेल्या एका माणसाच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याच्या कागदावर वाड्याचे लाकडी खांब एकामागून एक उभे राहत होते. रोज या रस्त्यानं जाताना तिनं ते खांब कधी पाहिलेच नव्हते. खांबांना नक्षी आहे, वर लाकडी सज्जा आहे, हे तिला आधी त्या कागदावर दिसलं आणि मग समोर.

"हे शिकायला काय लागतं?" तिनं विचारलं.

त्या माणसानं मान वळवली. "एक वही, एक पेन आणि बसायला सावली. बसता का?"

"आत्ता डिकीत रक्त आहे. पुढच्या रविवारी येते."

तो माणूस म्हणजे योगेश सर. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि दर रविवारी सकाळी हौशी मंडळींना घेऊन शहरात कुठेतरी चित्रं काढत बसायचे. डिकीतल्या रक्ताचा उलगडा त्यांना पुढच्या रविवारी झाला, कारण रोशनी खरोखरच आली. कामं उरकून, सुती ओढणी डोक्याला गुंडाळून, नवी वही घेऊन ती गोदाघाटावर हजर झाली.

तिचं पहिलं चित्र नारोशंकराच्या मंदिराचं. तिनं पायऱ्यांपासून सुरुवात केली आणि दगड न् दगड काढत वर गेली. अर्ध्या वाटेत कागद संपला. शिखर कुठे काढायचं हेच तिला कळेना. मग निदान घंटा तरी काढू म्हणून तिनं कडेला घंटा काढली. घाटावर कपडे वाळत घालणारी एक बाई वाकून बघून म्हणाली, "हंडा छान जमलाय गं."

रोशनी खळखळून हसली. वही उंच धरून तिनं सगळ्यांना दाखवलं, "हा बघा नारोशंकराचा हंडा!"

"रबर आहे का कुणाकडे?" तिनं मग विचारलं.

"आपल्याकडे रबर नसतो," योगेश सर म्हणाले. "चुकलेली रेघ राहू द्यायची. शेजारी बरोबर रेघ मारायची. बघणारा आपोआप बरोबर रेघच बघतो."

हे रोशनीला लगेच पटलं. सुई एकदा आत गेली की ती काही खोडता येत नाही, हे तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

मग सरांनी तिच्या शेजारी बसून पहिला धडा दिला. आधी कागदावर वर एक खूण करायची, खाली एक. शिखर इथे संपणार, पायऱ्या इथे. मग मधलं सगळं त्या दोन खुणांच्या आत बसवायचं. मोजायचं कसं? हात ताठ करायचा, पेन उभं धरायचं, एक डोळा मिटायचा. पेनचं टोक शिखराच्या टोकावर, अंगठा शिखराच्या तळाशी. आता तेवढंच माप खालच्या भिंतीवर लावून बघायचं. शिखर भिंतीच्या दुप्पट आहे की दीडपट? बस, तेवढंच विचारायचं. नक्षी सगळ्यात शेवटी.

"कोपर वाकवू नकोस," ते म्हणाले. "कोपर वाकलं की माप बदलतं. तू मूळची कुठली?"

"पेठ तालुक्यातली. तिथला एक पाडा."

"अरे वा!" सरांचा चेहरा उजळला. "मग काय! वारली चित्रं तर तुझ्या रक्तातच असणार."

रोशनीनं कोपर ताठच ठेवलं. "रक्तात काय असतं ते मी रोज बघते, सर. साखर असते, हिमोग्लोबिन असतं. चित्र अजून कुणाच्यात सापडलं नाही."

सगळे हसले. सरही हसले. पण ते आपलं म्हणणं विसरले नव्हते, हे पुढे कळलं.

त्यानंतर रोशनी रविवार चुकवेना. आठवड्यातल्या इतर दिवशीही एखाद्या घरी पेशंट अंघोळीला गेलेला असला की ती जिन्यात बसून समोरच्या इमारतीची खिडकी काढायची. द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाखाली तिला नजरेच्या पातळीचं कोडं सुटलं. सर नेहमी सांगायचे, "तुझा डोळा जिथे, तिथे एक आडवी रेघ. तिच्या वरचं सगळं लांब जाताना खाली झुकतं, खालचं सगळं वर चढतं." ऐकताना डोकं गरगरायचं. पण पुलाखाली उभं राहून बघितलं, तर वरची काँक्रीटची कड खरोखर खाली झुकत गेली होती आणि रस्त्याचा दुभाजक वर चढत होता. दोघं दूरवर एका ठिकाणी भेटत होते. तिनं घाईनं वही काढली. रिक्षावाले "ताई, बसायचंय का?" विचारून गेले. तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या कागदावर खोली आली. पूल वाकडा होता, पण लांब जात होता.

सरांनी ते चित्र बघून नुसतं "हं" केलं आणि शेजारच्यांना दाखवायला नेलं. त्या "हं"वर रोशनीनं पुढचा आठवडा मजेत काढला.

दिवाळीनंतर सरांनी बातमी आणली. गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये ग्रुपचं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येकानं नाशिकचं एक मोठं चित्र द्यायचं. कुणी काळाराम घेतलं, कुणी रविवार कारंजा, कुणी होळकर पूल. सगळे पांगल्यावर सरांनी रोशनीला थांबवलं.

"तुझ्यासाठी वेगळा विचार आहे. एक कोपरा आदिवासी कलेचा करू. गेरूचा रंग, त्यावर पांढऱ्यानं वारली. लोकांना फार आवडतं. आणि तू केलंस तर त्याला अर्थ येईल."

रोशनीनं वही बंद केली. "सर, मी कोकणा जमातीची आहे. वारली नाही."

"तेच गं. म्हणजे, त्याच भागातली."

"आमच्या शेजारी वारल्यांची घरं आहेत. त्यांच्यात लग्नाला भिंतीवर चौक काढतात. लहानपणी आम्ही पोरी बघायला जायचो. ते काढणाऱ्या बायका वेगळ्या असतात, त्याची गाणी असतात, रीत असते. ते त्यांचं आहे. मला ते येत नाही. आमच्या भिंती आई शेणानं सारवायची, आता चुना लावतो. मी पहिलं चित्र काढलं ते तुमच्यासमोर, घाटावर. हंडा."

सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे रोशनीला दिसत होतं. म्हणून तिनं आवाज चढवला नाही. पण शब्दही मागे घेतला नाही.

"मग तू काय देणार?" त्यांनी जरा नाराजीनंच विचारलं.

"जुनं सीबीएस."

"एसटी स्टँड? तिथे काढण्यासारखं काय आहे?"

"तिथे पेठची गाडी लागते."

सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बघ बाई. गर्दी, गाड्या, सगळं हलतं तिथे. माझ्या जुन्या मुलांनाही जमत नाही. चांगलं झालं तर लावीन. नाही झालं तर नाही लावणार, मग रागवायचं नाही."

"चांगलं नाही झालं तर मीच लावू देणार नाही," रोशनी म्हणाली.

पुढच्या सुट्टीला ती स्टँडवर गेली. बाकावर बसून तिनं समोर लागलेली गाडी काढायला घेतली. तोंड झालं, काच झाली, एक चाक झालं आणि गाडी निघून गेली. तिनं पान उलटलं. दुसरी आली, तिची खिडक्यांची रांग झाली आणि तीही गेली. खाकी कपड्यातले वाहतूक नियंत्रक आपल्या खोलीतून हे बघत होते. शेवटी ते बाहेर आले.

"मॅडम, कसलं काम चाललंय? सर्व्हे आहे का?"

"नाही साहेब, चित्र काढतेय. तुमची गाडी थांबतच नाही."

"गाडी थांबली तर पब्लिक मला काढेल," ते म्हणाले आणि वहीत डोकावले. अर्ध्या अर्ध्या गाड्या बघून त्यांना हसू आलं. "गर्दी जरा कमी दाखवा. नाहीतर लोकांना वाटायचं, आम्ही गाड्याच सोडत नाही."

त्या दिवशी चित्र झालं नाही, पण एक गोष्ट रोशनीच्या ध्यानात आली. छप्पर हलत नाही. खांब हलत नाहीत. पाट्या हलत नाहीत. गाडी मात्र कुठलीही असो, लागते त्याच जागी. तेव्हा आधी न हलणारं सगळं काढायचं, गाडीची जागा मोकळी सोडायची आणि गाड्या येतील तशी ती भरायची. एकीचं तोंड, दुसरीच्या खिडक्या, तिसरीची शिडी.

हा बेत घेऊन ती पुन्हा गेली तेव्हा तिचे वडील गावाहून येणार होते. मंगळू भोये भाताची कापणी, झोडणी उरकली की दरवर्षी लेकीसाठी नवा तांदूळ आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ घेऊन येत. रोशनीनं मोठा कागद फळीला लावून बरोबर आणला होता. बाकावर बसून तिनं छप्पर आणि खांब काढले. बरोबर होते, मापात होते, तरी काहीतरी रुचत नव्हतं. सगळं लांबून बघितल्यासारखं, परक्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात पेठची गाडी आली. मंगळू पिशवी आणि गोणी घेऊन उतरले. लेकीच्या हातात फळी बघून ते जागच्या जागी थबकले.

"काय गं, सरकारी काम लावलं का तुला?"

"नाय बाबा. चित्र काढते."

"कशाचं?"

"ह्याचंच. स्टँडचं."

मंगळूंनी सगळीकडे बघितलं. काय काढण्यासारखं आहे, ते त्यांनाही दिसलं नाही. पण लेक करते म्हणजे काहीतरी असेल, अशा समजुतीनं त्यांनी गोणी खाली टेकवली, खांबाला पाठ लावली आणि फरशीवर बसले. "ये, बस. घरचं सांगतो. तुझ्या आईचा गुडघा आता बरा हाय."

रोशनी बाकावरून उठली आणि त्यांच्याजवळ खाली बसली. आईच्या गुडघ्याचं ऐकता ऐकता तिनं सहज समोर पाहिलं आणि तिचं ऐकण्यातलं लक्ष उडालं.

सगळं बदललं होतं. मघाशी नजरेच्या खाली असलेली बसलेली माणसं आता तिच्या डोळ्यांच्या रेषेत आली होती. बोचक्यांशी बसलेल्या बाया, मांडीवरची पोरं, पटका बांधलेले म्हातारे, सगळ्यांचे चेहरे तिच्या चेहऱ्याच्या पातळीत. उभी माणसं त्यांच्यावर झाडांसारखी वर गेलेली. आणि गाडी? गाडी डोंगराच्या कड्यासारखी समोर उभी होती, तिचं छप्पर दूरच्या टोकाकडे झपकन खाली येत होतं. लहानपणी आईच्या कडेला बसून गाडीची वाट बघताना स्टँड असंच दिसायचं.

"बाबा, तू बस इथंच. हलू नको."

"चहा नाय का पाजत?"

"पाजते. आधी बस."

तिनं नवा कागद लावला. वर खूण, खाली खूण. आडवी रेघ यावेळी खूप खाली, कागदाच्या तळाजवळ. मग खांब. मग छपराची कड, त्या रेघेकडे झेपावणारी. सुईच्या वेळी व्हायचं तसंच झालं, एकदा सापडल्यावर हात थांबेना. डावीकडचा खांब वाकडा गेला. गेला तर गेला, तिनं शेजारी बरोबर रेघ मारली आणि पुढे निघाली. गाडीसाठी सोडलेली जागा तीन-चार गाड्यांनी मिळून भरली.

भोवती माणसं जमली. बहुतेक सगळी पेठ, करंजाळीकडची, गाडीची वाट बघणारी. मंगळूंनी आपण होऊन माहिती द्यायला सुरुवात केली. "माझी पोरगी हाय. रक्त तपासते. हे असंच करते, आवड म्हणून."

करंजाळीच्या कुसाबाई बोचकं घेऊन नेमक्या समोर बसल्या होत्या. आपल्याकडे कागद वळलेला बघून त्यांनी पदर नीट केला. "मला काढती का गं?"

"काढू का, आजी?"

"काढ की. पण त्वांड काढशील तर हसरं काढ. गाडी उशिरा हाय म्हणून मी वैतागलेली हाय, तसं नको काढू."

लोक हसले, कुसाबाईही हसल्या आणि रोशनीनं ते हसू दोन रेघांत पकडलं. गाडी आली तेव्हा कुसाबाई आपलं चित्र बघायला वाकल्या. "बोचकं बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि घाईनं गाडीत चढल्या.

शेवटी रोशनीनं सावल्या दिल्या. एकाच बाजूनं, तिरक्या रेघांनी, छपराखाली दाट आणि बाहेर उन्हात काहीच नाही. कागद पांढरा सोडला तिथे ऊन आपोआप पडलं. मग ती वडिलांना चहाला घेऊन गेली. मंगळूंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि ते चालताना कुरकुरत होते. पण चहावाल्यालाही त्यांनी विचारलंच, "ह्या पोरीनं काय काढलंय, बघितलं का?"

योगेश सरांनी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि लांब जाऊन बघितलं. मग जवळ येऊन बघितलं. ग्रुपमधले सगळे मागे उभे होते.

"डावा खांब पडतोय," सर म्हणाले.

"हो. दिसतोय मला."

"आणि गाडीची दोन चाकं वेगवेगळ्या मापाची आहेत."

"वेगवेगळ्या गाड्यांची आहेत."

सरांना हसू आलं, पण ते पुन्हा चित्राकडे वळले. "ही नजर इतकी खाली का घेतलीस?"

"आमच्याकडची माणसं तिथे फरशीवरच बसतात, सर. बाक असला तरी. सामान जमिनीवर असतं ना."

त्यांनी वाकून चित्राच्या तळाशी नजर नेली. मग म्हणाले, "मी तुला कोपऱ्यात बसवायला निघालो होतो. चुकलं माझं. हे चित्र दारासमोरच्या भिंतीवर लागेल."

"खांबासकट?"

"खांबासकट."

प्रदर्शनाला चांगली गर्दी झाली. मंगळू खास त्यासाठी मुक्काम वाढवून थांबले होते. धुतलेला सदरा घालून ते लेकीच्या चित्राशेजारी असे उभे राहिले, की बघणाऱ्याला आधी त्यांनाच बघावं लागे. आलेल्यांना ते समजावून सांगत, "ही गाडी सुटली की मखमलाबादच्या पुढं मोकळा रस्ता, मग सावळघाट. घाटात लय वळणं. पोरांना उलटी होते." कानात मोठे झुमके घातलेल्या एका बाईंनी रोशनीला विचारलं, "तुम्ही पेठच्या ना? मग तुमचं वारली पेंटिंग कुठेय?"

रोशनी उत्तर देणार, तोच योगेश सर मागून म्हणाले, "त्यांचं चित्र हेच. बघा ना, जरा खाली वाकून बघा. मजा येते."

बाईंनी खरंच गुडघे वाकवले आणि चित्राच्या तळाशी, कुसाबाईंच्या पातळीवर नजर आणली. "अय्या," त्या म्हणाल्या आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर मंगळूंनी सरांचा हात धरला. "तुम्ही इतकी माणसं जमून काढता, तर आमच्याकडं या की एकदा. आता थंडी हाय, बरं वाटेल."

हे बोलणं सगळ्यांनी मनावर घेतलं. पुढच्याच रविवारी पहाटेच्या धुक्यात अख्खा ग्रुप पेठच्या गाडीत बसला. गाडीत जागा कमी होती, रोशनीनं सगळ्यांना मागे मागे सरकवून बसवलं. पाड्यावर पोचल्यावर तिच्या आईनं, अक्काबाईनं, अंगणात घोंगड्या अंथरल्या आणि नागलीची भाकर, कालवणाला उडदाचं भुजं असं पुढ्यात ठेवलं. खाऊन मंडळी जागा शोधायला निघाली. कुणी विहीर घेतली, कुणी भाताचा पेंढा. योगेश सर आणि रोशनी घरासमोरच बसले.

घर चांगलं होतं. पुढे कौलं, मागच्या पडवीला पत्रा, दारात मोटारसायकल आणि कौलांवर डिशची छत्री, आभाळाकडे तोंड केलेली. ग्रुपमधला एकजण सरांच्या खांद्यावरून बघत म्हणाला, "ती छत्री सोडून द्या ना, सर. कौलं काय सुंदर दिसतायत."

सरांनी रोशनीकडे पाहिलं. रोशनीनं कागदावर वरची खूण केली, खालची खूण केली, कोपर ताठ करून पेन उभं धरलं, एक डोळा मिटला. मग तिनं सगळ्यात आधी ती छत्रीच काढायला घेतली. तिचा कलता गोल जमणं अवघड होतं, आणि तो पहिल्या फटक्यात जमला.

दारातून अक्काबाईनं हाक मारली, "रोशने, तुझ्या बाबानं ती गेल्या साली बसवली. नीट काढ, काय? लोकांना टीव्ही दिसला पाहिजे."